मुदतीआधी मोडण्याची किंमत

मंडळी, मागच्या वेळी आपण 'वचन' या कल्पनेवर बोललो. उठता उठता एका बाईंनी विचारलं, "सर, एफडी मोडली तर बँक दंड का घेते? पैसे माझेच ना?" प्रश्न व्यवहारातला वाटतो, पण आहे नीतिशास्त्रातला. भरपाई नुकसानाकडे बघते, दंड चुकीकडे बघतो. आपण या दोन्हींची गल्लत करतो.

उदाहरण घ्या. एक लाख रुपये पाच वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले. वर्षभरात घरात आजारपण आलं, ठेव मोडली. बँक आता ठेव ठेवली त्या दिवशीचा एका वर्षाचा दर लावते, समजा ६.५ टक्के. हे रास्तच आहे. पाच वर्षांच्या वचनाचा दर एका वर्षाला कसा मागणार? पण बहुतेक बँका त्यातून आणखी अर्धा ते एक टक्का कापतात. एक टक्का धरला, तर व्याज साधारण ५,५०० रुपये. पहिली वजाबाकी समजते. दुसरी मात्र भरपाई कमी आणि धाक जास्त.

आता कर्जाकडे या. स्थिर दराचं कर्ज तुम्ही लवकर फेडलंत आणि बाजारातले दर उतरलेले असले, तर बँकेचं खरंच नुकसान होतं. बदलत्या दराच्या कर्जात तसं नाही, कारण परत आलेला पैसा चालू दरानेच पुन्हा कर्जाऊ जातो. मग शुल्क कशाचं? गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेकडे जाऊ नये म्हणून बांधलेला तो दोर! रिझर्व्ह बँकेने २०१२ साली अशा गृहकर्जांवरचं हे शुल्क बंद केलं. २०१४ मध्ये वैयक्तिक कर्जदारांच्या बदलत्या दराच्या सगळ्या मुदत कर्जांना ते लागू केलं.

म्युच्युअल फंडाचा 'एक्झिट लोड' बघा. २०१२ पासून तो कंपनीच्या खिशात न जाता त्याच योजनेत जमा होतो, म्हणजे मागे राहिलेल्यांना मिळतो. पैसा कोणाकडे जातो यावरून हेतू ओळखावा, तो असा.

आपला १८७२ चा करार कायदाही, कलम ७४ मध्ये, करारात लिहिलेल्या रकमेला कमाल मर्यादा मानतो. द्यायची ती वाजवी भरपाई.

तेव्हा सही करण्याआधी विचारा, "मध्येच मोडलं तर किती कापणार?" आणि लाखाची एकच ठेव करू नका, पंचवीस-पंचवीस हजारांच्या चार करा. अडचणीला एक मोडली, तर बाकीच्या तीन शाबूत राहतात.