गटारीची हाडं आणि दारचा कुत्रा

आषाढ सरत येतो, भाताची लावणी उरकत येते आणि शहापूर-मुरबाडकडच्या घरांना गटारीचे वेध लागतात. पुढे श्रावणभर मांस-मच्छी बंद, म्हणून अवसेच्या दिवशी घरोघरी कोंबडी नाहीतर मटण शिजते. माणसं जेवून उठली की ताटातली हाडं अंगणात पडतात आणि वर्षभर भाकरीच्या तुकड्यावर घर राखणारा कुत्रा त्या दिवशी राजासारखा जेवतो. घरच्या बाईला वाटते, मुक्या जनावराला एक दिवस तरी पोटभर मिळू दे. त्यात तिची मायाच असते. पण त्या मायेपायीच श्रावणाच्या पहिल्या दिवसांत कुठे कुत्रा ओकाऱ्या काढतो, कुठे शेपटी वर करून नुसता कुंथत बसतो, तर कुठे एखादा गोठ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून पडतो आणि उठत नाही.

आपल्याकडे कुत्रा हा हौसेचा प्राणी नाही. रात्री बिबट्याची चाहूल तो आधी देतो, भातात शिरलेल्या डुकरांवर तोच धावून जातो. म्हणून त्याच्या पोटाची गोष्ट घरातल्या कर्त्यांनी कानाआड करू नये.

“कुत्र्याला हाडं पचतात, पूर्वीपासून खात आलाय,” असे कुणीही सांगेल. हे अर्धेच खरे आहे. कच्च्या हाडात चिवटपणा असतो. ओली कांब लवते आणि वाळकी काडकन मोडते, तसेच हाडाचे आहे. शिजवले, त्यातही चुलीवर भाजले, की त्यातला चिवटपणा जातो आणि चावताच त्याच्या सुईसारख्या चिरफळ्या होतात. कोंबडीच्या तंगडीचे आणि पंखाचे हाड यात सर्वांत वाईट. अशी चिरफळी घशात रुतते, आतड्याला टोचते, कधी आतडे फाडते. मटणाची नळी जाड असते, पण तिच्यावर जोर लावताना दाढ फुटते. आणि कापलेल्या नळीचे गोल कडे खालच्या जबड्यात बांगडीसारखे अडकून बसते. टोचले नाही तरी पोटभर खाल्लेल्या हाडांचा चुरा आतड्यात सिमेंटसारखा घट्ट होतो. शी पांढरी, खडूसारखी होते आणि मग बाहेर पडतच नाही.

शिवाय हाडाबरोबर रस्सा जातो. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी तांबूस-काळसर होते, कुत्रा धापा टाकतो. तेल-चरबीचा तवंग जास्त गेला तर स्वादुपिंडाला सूज येऊन ओकाऱ्या लागतात.

मग द्यायचे तरी काय? माझ्या मते ताटातले हाड मुळीच देऊ नये. द्यायचेच तर खाटकाकडून निरोगी जनावराचे, न शिजवलेले, सांध्याकडचे मोठे हाड आणावे. ते कुत्र्याच्या तोंडात मावणार नाही एवढे असावे. आधी त्याला भाकरी खाऊ घालावी, म्हणजे तो आधाशासारखा गिळणार नाही. दहा-पंधरा मिनिटे चघळू द्यावे, समोर बसून राहावे आणि लहान तुकडा उरण्याआधी भाकरीचे आमिष दाखवून काढून घ्यावे. दोन कुत्री असतील तर दोघांना लांब बांधावे, नाहीतर भांडणात दोघेही न चावता गिळतात. पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना हाड नको. ताकद यावी म्हणून हाड देत असाल, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे लक्षात घ्या. नाचणीची भाकरी, उकडलेले अंडे आणि मसाला घालण्याआधी काढलेले, गाळून घेतलेले मटणाचे पाणी कुत्र्याला हाडापेक्षा जास्त मानवते.

कच्च्याचा अर्थ मात्र काहीही कच्चे, असा नव्हे. बोकड कापला की त्याचे फोपस, काळीज कुत्र्याकडे फेकतात. त्यावर कधी पाण्याने भरलेले फुगे दिसतात. ती एका बारीक पट्टकृमीची घरे असतात. ती कुत्र्याच्या पोटात गेली की कृमी वाढतो, त्याची अंडी शीतून अंगणात येतात, आणि कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवणाऱ्या पोराच्या यकृतात, फुप्फुसात तसेच फुगे धरतात. असे फुगे दिसले तर ते अवयव जाळावेत किंवा खोल पुरावेत. कुत्र्याला जंताचे औषध गुरांच्या डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी द्यावे. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्याही कुत्र्यांपुढे टाकू नयेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हे आपण पाहिले आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला आहे. गटारीनंतर असे दिसले की घरातले लगेच म्हणतात, “घशात हाड अडकलंय,” आणि एक जण जबडा उघडून धरतो, दुसरा आत हात घालतो. हे कधीही करू नका. पिसाळण्याचा एक प्रकार असाच दिसतो. त्यात कुत्रा धावत नाही, चावत सुटत नाही. गप्प पडून राहतो, कारण त्याचा जबडा आणि घसा लुळा पडलेला असतो. हाताला विळ्याने कापलेले असेल आणि त्यावर ती लाळ लागली, तर चावा न बसताही रोग येतो. लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून माणूस वाचत नाही, म्हणाल तर चालेल.

हाड अडकलेला कुत्रा सहसा जेवता-जेवताच अस्वस्थ होतो आणि पंजाने तोंड ओरबाडतो, हे खरे. पण या ओळखीवर घरच्या घरी भरवसा ठेवू नये. कुत्रा बांधलेला असेल तर तसाच ठेवावा, मोकळा असेल तर लांबूनच खोलीत किंवा गोठ्यात कोंडावा, मुलांना दूर ठेवावे आणि डॉक्टरांना बोलवावे. कुणाचा हात आधीच तोंडात गेला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचे सरकारी रुग्णालय गाठावे. “कुत्रा मरतो का बघू” म्हणून थांबू नये. पोटात घ्यायच्या चौदा सुयांची भीती जुन्या माणसांच्या मनात अजून आहे. ती लस आपल्या देशात २००४ मध्येच बंद झाली. आता दंडावर थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात, मात्र डॉक्टर सांगतील त्या प्रत्येक तारखेला. जखम असेल तर सीरमही लागते. आणि कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर लस टोचावी, पुढे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, सहसा दरवर्षी.

लस टोचलेला, एरवी धडधाकट कुत्रा एखाद-दोनदा ओकला आणि शेपटी हलवतो आहे, तर अर्धा दिवस खाणे बंद ठेवावे. पाणी थोडे-थोडे द्यावे, मग मऊ भात आणि आंबट नसलेले ताक. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नये. ओकारी थांबत नसेल, पोट ताठ असेल, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरून तो उभा राहत असेल, शीत रक्त असेल किंवा कुंथूनही काही पडत नसेल, तर घरात वेळ घालवू नये. नळकांड्याने तेल पाजण्याची चाल आहे, ती सोडावी. तेल श्वासनळीत गेले तर फुप्फुस बिघडते. माणसाची तापाची, दुखण्याची गोळीही देऊ नये. गुदद्वारातून हाडाचे टोक दिसले तरी ओढू नये. तालुक्याच्या दवाखान्यात जमले नाही तर आसनगावहून लोकलने, मुरबाडकरांनी कल्याण गाठून, परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयापर्यंत न्यायची तयारी ठेवावी. लोकलमध्ये कुत्रा नेता येतो का, हे आणि गाडीची सोय आधी विचारून ठेवावी.

गटारीला जेवणं उरकली की ताटं गोळा करतानाच हाडं एका डब्यात काढावीत. उकिरड्यावर उघडी टाकू नयेत. परसात दोन हात खोल खड्डा घेऊन पुरावीत आणि वर चांगला जड दगड ठेवावा. दगड हलका असला, तर रात्रीत तुमचाच वाघ्या तो सरकवून सगळा ऐवज पुन्हा ओटीवर आणून ठेवील.