गेटकडे नक्की कोण चालले होते?

सकाळी पालघरहून डहाणूकडे जाणारी गाडी बोईसरला थांबली, की डबे सांभाळत उतरणाऱ्यांची फलाटावर गर्दी उसळते. कुणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत निघालेला असतो, कुणी १९६९ मध्ये सुरू झालेल्या अणुवीज केंद्राकडे. घरात बोली मराठी, वाडवळी नाहीतर वारली. कारखान्याच्या फळ्यावर मात्र पुष्कळदा इंग्रजी.

समजा, त्या फळ्यावर लिहिले आहे, 'क्लीन द टँक विथ कॉस्टिक'. शब्द पाचच, तेही ओळखीचे. पण अर्थ दोन! टाकी कॉस्टिकने धुवा, हा एक. जिच्यात कॉस्टिक आहे ती टाकी धुवा, हा दुसरा. 'विथ कॉस्टिक' हे 'क्लीन'ला जोडायचे की 'टँक'ला, एवढाच प्रश्न. परंतु कॉस्टिक कातडी जाळते. उत्तर कामाला हात घालण्यापूर्वी मिळालेले बरे.

मराठीत हा घोटाळा होत नाही. 'कॉस्टिकने' म्हटले की नाते धुण्याशी, 'कॉस्टिकची' म्हटले की टाकीशी. आपल्याकडे नाते प्रत्यय सांगतो. इंग्रजीत ते बव्हंशी शब्दाच्या जागेवरून ओळखावे लागते.

या सवयीपायी आपली मुलेही फसतात. 'गेटकडे जाताना भोंगा वाजला' हे मराठी वाक्य कुणाला खटकत नाही. जाणारे आपण, हे ऐकणारा समजून घेतो. मुलगा तेच इंग्रजीत उतरवतो : 'वॉकिंग टू द गेट, द सायरन वेंट ऑफ'. इंग्रजीच्या नियमाने आरंभीचे शब्द पुढच्या कर्त्याला चिकटतात, आणि बिचारा भोंगाच गेटकडे चालू लागतो! यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. त्याने मराठीच्या वळणाने इंग्रजी लिहिले, इतकेच. 'आय'ला कर्ता करून 'ॲज आय वॉज वॉकिंग' असे लिहिले, की भोंगा जागच्या जागी राहतो.

मराठी तरी कुठे निर्दोष आहे? 'नव्या शाळेच्या मुली' म्हणजे शाळा नवी की मुली? १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या आडनावातले तर्खड वसईजवळचे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातलेच. त्या व्याकरणाला आपण परीक्षा संपताच रामराम ठोकतो. कामावर मात्र त्याचीच गरज पडते.

उपाय साधा आहे. वाचताना अशा प्रत्येक शब्दसमूहाला विचारावे, 'तू कुणाचा?' दोन उत्तरे आली तर लिहिणाऱ्याने वाक्य बदलावे, आणि वाचणाऱ्याने लाज न धरता विचारावे, "साहेब, टाकी कॉस्टिकने धुवायची, की कॉस्टिकची टाकी धुवायची?"