विश्लेषण : एमसीबी असूनही शॉक का लागतो? मरोळच्या गाळ्यांत पावसाळ्यापूर्वी काय तपासायला हवे?

मरोळ एमआयडीसी आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत एकाच गाळ्यात लेथ, ड्रिलिंग मशीन, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग सेट चालतात. बोर्डावर एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, असा अनेकांचा समज असतो. तो जिवावर बेतू शकतो. एनसीआरबीच्या नोंदींनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक मृत्यू झाले आहेत.

एमसीबी माणसाला का वाचवत नाही?

एमसीबीचे काम वायर वाचवण्याचे आहे. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहिला तरच पडतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला मात्र ५० ते १०० मिलिअँपिअर पुरेसे ठरू शकतात. शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या तारेला हात लागताच अंगातून २३० मिलिअँपिअर जातात. माणसासाठी हे जीवघेणे. एमसीबीच्या लेखी नगण्य. त्वचा घामाने वा पावसाने ओली असेल, तर रोध आणखी घटतो.

अर्थिंग बिघडले तर काय होते?

मशीनमधील वायरचे आवरण झिजून फेज बॉडीला टेकला, तर प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची सोपी वाट हवी. त्या वाटेचा रोध १ ओहम असेल तर २३० अँपिअर वाहून एमसीबी क्षणात पडतो. जोड गंजून किंवा अर्थिंगचा खड्डा सुकून तोच रोध २० ओहम झाला, तर प्रवाह जेमतेम साडेअकरा अँपिअर. एमसीबी पडत नाही, मशीन चालू राहते आणि तिची बॉडी शॉक देत राहते.

मग आरसीसीबी काय करतो?

फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. गळती ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली की सेकंदाच्या काही अंशात पुरवठा तोडतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमावलीत ही कमाल मर्यादा घरगुती जोडणीसाठी ३०, तर इतरांसाठी १०० मिलिअँपिअर ठेवली होती. म्हणजे गाळ्याच्या मेनवर १०० चा आरसीसीबी असला, तरी माणसाच्या बचावासाठी तो पुरेसा नाही. हातात धरायच्या ड्रिल, ग्राइंडरच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी हवा.

त्यालाही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर त्याला गळती कळत नाही. ओव्हरलोडही तो थांबवत नाही. त्यामुळे एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात.

पावसाळ्यात धोका का वाढतो?

मिठी नदी मरोळ परिसरातून वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत पाणी भरलेल्या भागांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला होता. तळमजल्याच्या गाळ्यात जमिनीलगतचे सॉकेट आणि फरशीवरच्या एक्स्टेन्शन वायरी सर्वांत आधी पाण्यात जातात.

गाळ्यात काय तपासाल?

- आरसीसीबीचे 'टेस्ट' बटण दाबा. पुरवठा तुटला नाही, तर तो बदला. मात्र या बटणाने अर्थिंग तपासले जात नाही.
- अर्थिंगचा रोध परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.
- सॉकेट व बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर घ्या.
- टेप गुंडाळलेल्या वायरी आणि पिनशिवाय खोचलेली टोके काढून टाका.
- दुरुस्तीपूर्वी मेन बंद करून कुलूप लावा. चावी काम करणाऱ्याच्याच खिशात असावी.

कोणाला शॉक लागला तर?

त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. नंतर १०८ वर फोन करा आणि श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर सुरू करा. त्यासाठी मेन स्विच कुठे आहे, हे गाळ्यातल्या प्रत्येकाला, अगदी काल कामाला लागलेल्या हेल्परलाही, माहीत असायला हवे.