दारात आलेली जकात

“तीन हजार आठशे चौसष्ट रुपये द्या आजोबा, कस्टमचे,” कुरिअरचा मुलगा दारातून म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. नातवानं गोलकीपरचे हातमोजे इंग्लंडहून मागवले होते. त्याचे पैसे त्यानं मोबाइलवरून कधीच भरले होते. मोज्याची किंमत चार हजार, टपालखर्च एक हजार. मग हे आणखी कसले? “तुझ्या साहेबाला सांग, कोल्हापूरकर असे फसत नाहीत!” असं म्हणून मी त्याला परत पाठवला. पोरगं बिचारं काही न बोलता पार्सल घेऊन जिना उतरलं.

ही गोष्ट २०२३ सालची. नातू शाळेतून आला आणि रडायचाच काय तो बाकी राहिला. पेठेच्या संघातून खेळायचं म्हणून त्यानं दोन दिवाळ्यांची ओवाळणी साठवली होती. रात्री त्याच्याबरोबर बसून मी कागद-पेन्सिल घेतली. माझं महाद्वार रोडला तीस वर्षं कटलरीचं दुकान होतं. मुंबईहून ट्रकनं माल आला की शिरोली नाक्यावर बीजक दाखवायचं, जकात भरायची, पावती घ्यायची आणि मगच गाडी गावात घ्यायची, हे मी उभ्या जन्मात केलेलं. मुंबईच्या व्यापाऱ्याला पैसे दिलेत म्हणून नाक्यावरच्या कारकुनानं मला कधी सोडलं नव्हतं. मग विलायतेतल्या दुकानदाराला पैसे दिले म्हणून सरकार कसं सोडेल? जकात गेली, एलबीटी आली आणि गेली, १ जुलै २०१७ला जीएसटी आला; पण देशाच्या वेशीवरचा नाका जागेवरच आहे. (टोलसाठी रस्त्यावर उतरलेलं आमचं गाव, पण या नाक्याची कुणाला आठवणही नसते. दिसत नाही ना!)

हिशेब असा निघाला. कस्टमवाले नुसती मोज्याची किंमत धरत नाहीत. टपालखर्च आणि विमाही त्यात मिळवतात. म्हणजे चार हजारांवर नव्हे, पाच हजारांवर कर. स्वतःच्या वापरासाठी टपालानं किंवा कुरिअरनं मागवलेल्या वस्तूंवर तेव्हा ३५ टक्के आयातशुल्क होतं. झाले १,७५०. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १७५. आता बेरीज ६,९२५ झाली आणि या साऱ्या बेरजेवर २८ टक्के जीएसटी, म्हणजे १,९३९. करावर कर! तिन्ही मिळून बरोबर ३,८६४. पोरानं एक पैसाही जास्त मागितला नव्हता. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून त्याला बोलावलं, चहा पाजला, माफी मागितली. “रोज एक तरी आजोबा ओरडतातच,” असं तो हसून म्हणाला, तेव्हा मला जास्तच लाज वाटली.

२०२५ सालात हे दर खाली आले. तरी बजेटगणिक ते हलतात, म्हणून मागवायच्या दिवशी काय दर आहे ते पाहूनच बटण दाबावं. वस्तूगणिकही फरक असतो. छापील पुस्तकांवर पूर्वी शुल्क नव्हतं, २०१९च्या बजेटनं ५ टक्के बसवलं. काही दुकानं कर आधीच आपल्याकडून घेऊन तिकडूनच भरतात. तसं असेल तर पैसे भरताना तो वेगळा दाखवलेला असतो. नसेल दाखवला तर तो दारात येणार असं समजावं.

नातवाच्या मित्रानं युक्ती सुचवली होती, दुकानदाराला पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला सांगायचं. ती वाट डिसेंबर २०१९पासून बंद आहे. परदेशातून बिनकराची भेट आता येत नाही. सवलत उरली ती राखीला आणि जीव वाचवणाऱ्या औषधांना. राखीला बरं का, तिच्याबरोबरच्या चॉकलेटांना नाही! दुसरी युक्ती किंमत कमी लिहायची. अधिकाऱ्याला संशय आला तर तो स्वतः किंमत ठरवतो, आणि माल वाटेत गहाळ झाला तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मागता येते.

शेजारच्या वहिनींना मात्र खराच भामटा भेटला. “तुमचं परदेशी पार्सल कस्टममध्ये अडकलंय, नऊ हजार भरा, नाहीतर केस होईल,” असा फोन आला. वहिनींनी काही मागवलंच नव्हतं. पण केस म्हटल्यावर घाबरल्या आणि त्यानं दिलेल्या खात्यावर पैसे टाकून मोकळ्या झाल्या. कस्टम खातं असं कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर ओळखक्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. टपालानं आलेल्या वस्तूचा कर पोस्टमन पावती देऊन घेतो. मी पावती घेऊन आलेल्या पोराला हाकलला आणि वहिनींनी बिनपावतीच्या चोराला पैसे दिले. दोघंही एकाच जिन्यावरचे!

हे झालं आपल्याकडे येणाऱ्या मालाचं. कोल्हापूरहून तिकडे जाणाऱ्या मालाचीही तीच तऱ्हा. माझी धाकटी लेक न्यू जर्सीत असते. तिच्या लेखी परदेशातलं दुकान म्हणजे आपली चप्पल लाइन. २०२५च्या दिवाळीला तिथल्या मैत्रिणींसाठी तिनं बारा जोड सांगितले, दीड हजाराला एक, आणि अठरा हजार पाठवले. आठशे डॉलरपर्यंतचा माल अमेरिकेत बिनकराचा जायचा, ती सवलत त्यांनी २९ ऑगस्टला काढून घेतली होती. आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं थांबवली, ती १५ ऑक्टोबरला सुरू केली. लक्ष्मीपूजन २१ला!

मी दुकानात गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा, बापजाद्यांपासूनचा धंदा. म्हणाला, “अण्णा, आता तिकडचा कर हितंच पोस्टात भरायचा. किमतीच्या निम्मा.” बारा जोडांचे अठरा हजार, कर नऊ हजार. लेकीला फोन लावला. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बाबा, टपालखर्चाचे वेगळे पाठवते, पण चपला आणि कर तेवढ्याच पैशात बसवा.”

आठ जोडांचे बारा हजार, वर सहा हजार कर. दुकानदारानं आठ जोड कागदात गुंडाळले. उरलेले चार त्यानं परत खुंटीला अडकवले.