फौज निजामाची, हुकूम परक्यांचा : नळदुर्ग परिसरातील दोन शतकांचा मागोवा

बेंबळी, तुळजापूर, नळदुर्ग आणि औसा यांच्या दरम्यानचा टापू निजामाच्या राज्याच्या पश्चिम सरहद्दीवर असल्यामुळे, फौजेविषयी हैदराबादच्या दरबारात जे वाद झाले त्यांची किंमत या टापूने वारंवार मोजली. फौज कोणत्या पद्धतीची असावी, तिला कवायत कोणी शिकवावी, तिचे अधिकारी मुलकातले असावेत की परके, आणि पगार भागवण्यासाठी कोणत्या जिल्ह्याचा वसूल लावून द्यावा, हे प्रश्न वरकरणी लष्करी असले तरी राज्य नेमके कोणाचे हाच वाद त्यांच्या बुडाशी होता. १७५० च्या दशकापासून १९४८ पर्यंतचा काळ एकत्र पाहिला असता असे दिसते की, जी फौज शिस्तीने व शस्त्राने सरस होती तिच्यावर निजामाचा हुकूम चालत नव्हता, आणि जिच्यावर त्याचा हुकूम चालत होता ती कधीच त्या तोडीची झाली नाही.

या वादाची सुरुवात इंग्रजांपासून नव्हे, तर फ्रेंचांपासून करावी लागते. निजाम सलाबतजंगाच्या दरबारात १७५१ पासून १७५८ पर्यंत वावरलेल्या बुसी या फ्रेंच सेनानीने युरोपीय धर्तीची कवायती पायदळे उभी केली आणि त्यांच्या खर्चापोटी १७५३ मध्ये उत्तर सरकार हा किनारपट्टीचा मुलूख लावून घेतला. फौजेसाठी मुलूख तोडून देण्याची जी रीत पुढे शतकभर चालली, तिचा कित्ता येथे घातला गेला. या पद्धतीने तयार झालेल्या पायदळ शिपायांना मराठीत गारदी म्हणत, आणि त्यांचा प्रसिद्ध सरदार इब्राहिमखान गारदी पेशव्यांकडे आल्यावर १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर व औशाच्या परिसरात त्याच्या तोफांनी निजामाच्याच फौजेची कोंडी केली. त्या विजयाने सदाशिवरावभाऊंचा कवायती पलटणींवरील विश्वास इतका वाढला की, वर्षभराने पानिपतावर मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांचा गनिमी काव्याचा आग्रह मागे पडला. मराठी इतिहासलेखनात हा वाद आजही मिटलेला नाही; मात्र पानिपतावर जी पद्धत पणाला लागली, तिचा यशस्वी प्रयोग मराठवाड्यात झाला होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

निजाम अलीच्या कारकिर्दीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी त्याचा पराभव केला, तेव्हा त्याच्या पदरी रेमाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पलटणी होत्या. इंग्रजांच्याही दोन पलटणी होत्या, परंतु मराठ्यांविरुद्ध त्या वापरण्यास कंपनी सरकारने परवानगी दिली नाही. तहात दौलताबादचा किल्ला आणि परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा पट्टा गमावल्यावर निजामाने इंग्रज पलटणींना निरोप दिला आणि रेमाँची फौज सुमारे १४,००० पर्यंत वाढवली. तिच्यावर फ्रेंच प्रजासत्ताकाचे तिरंगी निशाण फडकत असे, आणि लॉर्ड वेलस्लीला खटकले ते तिच्या कवायतीपेक्षा हेच निशाण. रेमाँ १७९८ च्या मार्चमध्ये वारला. त्याच वर्षी तैनाती फौजेचा करार झाला, म्हणजे कंपनीची फौज निजामाने स्वखर्चाने आपल्या राज्यात ठेवावी असे ठरले, आणि ऑक्टोबरमध्ये रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने फ्रेंच पलटणी मोडून टाकल्या. १८०० मध्ये तैनाती फौजेच्या खर्चासाठी बल्लारी, कडप्पा आदी जिल्हे कायमचे गेले. एका परक्याचा पगडा घालवण्यासाठी दुसऱ्याचा पत्करला गेला, आणि हा दुसरा दीडशे वर्षे उठला नाही.

तैनाती फौज असतानाच कंटिन्जंट नावाची दुसरी फौज उभी राहिली. युद्धकाळात निजामाने कंपनीला ठरावीक संख्येचे साहाय्यक सैन्य द्यावे असे १८०० च्या तहात कलम होते. हे सैन्य बेशिस्त व बिनपगारी असल्याची तक्रार करून रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१२ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली वेगळ्या पलटणी बांधल्या, आणि दिवाणीचा कारभार पाहणाऱ्या चंदुलालने त्या रेसिडेंटची मर्जी राखण्यासाठी पोसल्या. मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, हिंगोली, बोलारम अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. शिस्त, वेळच्या वेळी पगार आणि नेमबाजी या बाबतींत ही फौज दरबारच्या इतर सैन्यापेक्षा निःसंशय उजवी होती. पण वर्षाला सुमारे ४० लाख रुपये खाणारी ही फौज खजिन्याला परवडत नव्हती, तिच्यावर दरबाराचा अधिकार नव्हता आणि शांततेच्या काळात ती पदरी बाळगण्याचे बंधनही तहात नव्हते. पगार भागवण्यासाठी विल्यम पामर याच्या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढले गेले, चार्ल्स मेटकाफने या व्यवहाराची लक्तरे वेशीवर टांगल्यावर ती पेढी बुडाली, आणि पुढे कंपनी सरकार स्वतःच सावकार झाले. विशेष म्हणजे १८०० च्या तहाने निजामावर ही फौज ठेवण्याची सक्ती होत नाही, हे लॉर्ड डलहौसीने आपल्या टिपणात स्वच्छपणे कबूल केले होते, आणि तरीही थकबाकी वसूल करण्यात त्याने कसूर केली नाही.

२१ मे १८५३ चा तह हा या टापूच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो. थकलेले कर्ज आणि पुढील खर्च यांच्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा जिल्हा इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्या बदल्यात किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने कायम ठेवायचे ठरले. तहावर सही झाल्यानंतर काही दिवसांतच दिवाण सिराजुल्मुल्क वारला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाण झाला. बेंबळीसारख्या गावच्या ज्वारी-करडईवर बसणारा सारा यापुढे ज्या फौजेच्या पगाराला लागणार होता, तिची छावणी या जिल्ह्यात नव्हती आणि तिचा हुकूम हैदराबादच्या रेसिडेन्सीतून सुटत होता.

या जिल्ह्यावर डेप्युटी कमिशनर म्हणून जो मेडोज टेलर आला, त्याची नेमणूक म्हणजे या साऱ्या व्यवहाराचा सारांशच होय. कंटिन्जंटमध्ये लेफ्टनंट म्हणून त्याची उमेदवारी झाली होती आणि त्याची पत्नी मेरी ही त्याच विल्यम पामरची मुलगी होती. ज्या फौजेमुळे कर्ज झाले तिचा माजी अधिकारी आणि ज्या पेढीने कर्ज दिले तिचा जावई, कर्जात अडकलेल्या मुलखाचा हाकिम झाला. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलेला नळदुर्गचा किल्ला हे त्याचे ठाणे होते, आणि तेथून त्याने चार वर्षे मोजणी, रस्ते व न्यायदान यांचे काम पाहिले. टेलर हा रयतेशी मिळूनमिसळून वागणारा अधिकारी होता, यात वाद नाही. तुळजापूरच्या परिसराची त्याला इतकी ओढ होती की १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीचे कथानक त्याने तेथे बेतले. तथापि चांगल्या हाकिमाने गहाणवटीचे स्वरूप बदलत नाही, आणि टेलरच्या आत्मचरित्रावर विसंबून १८५३ ते १८६० या इंग्रजी कारभाराच्या सात वर्षांना सुवर्णकाळ म्हणणाऱ्या लेखकांनी सारा कोठे जात होता हे पाहिलेले नाही.

१८५७ मध्ये मोमिनाबादहून औरंगाबादला आणलेल्या कंटिन्जंटच्या घोडदळात बंड झाले व ते मोडले गेले; उरलेल्या पलटणी मात्र ह्यू रोजच्या हाताखाली मध्य भारतात झाशीच्या राणीविरुद्ध आणि तात्या टोप्यांविरुद्ध लढल्या. या निष्ठेचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने ५० लाखांचे कर्ज माफ झाले आणि धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि कंटिन्जंटच्या पलटणी हिंदुस्थानी लष्करात विलीन करण्यात आल्या.

दरबाराच्या स्वतःच्या हुकमतीत उरली ती नज्म-ए-जमियत, म्हणजे अरब, रोहिले, शीख अशा टोळ्यांची बेकवायती फौज. हद्रमौतहून आलेले अरब जमादार पगार थकला की जहागिरीचा वसूल ताब्यात घेत, स्वतः सावकारी करीत आणि कर्जदाराला कोंडून ठेवीत. सालारजंगाच्या कारकिर्दीचा मोठा भाग त्यांना वठणीवर आणण्यात गेला. त्यांच्यापैकी अनेकांचे वंशज चाऊस या नावाने मराठवाड्याच्या गावोगावी रुजले असून त्यांच्या घरांत आज दखनी व मराठी बोलली जाते. निजामाची नियमित अशी लहान फौजही पुढे बांधली गेली, आणि तिचे लान्सर पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनपर्यंत गेले; दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातील एक मूर्ती हैदराबादची आहे. परंतु ही फौज साम्राज्याच्या कामासाठी तयार केलेली होती, राज्याच्या बचावासाठी नव्हे.

विसाव्या शतकात वादाला संस्कृतीची धार आली. मुलकी व गैरमुलकी, म्हणजे राज्यातले व बाहेरून आलेले, या नोकरशाहीतील झगड्याच्या जोडीला उर्दू माध्यमाचा आग्रह आणि मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांची कुचंबणा हे प्रश्न उभे राहिले. धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये निघालेली राष्ट्रीय शाळा, जेथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, हे या कुचंबणेला दिलेले एक उत्तर होते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या १९२७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने याच्या नेमके उलट, राज्याचे सार्वभौमत्व मुस्लिम समाजात वसते असे प्रतिपादन केले. तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात असलेल्या लातूरमध्ये वकिली करणारा कासीम रझवी १९४६ मध्ये तिचा अध्यक्ष झाला आणि तिच्या स्वयंसेवकांचे, म्हणजे रझाकारांचे, सशस्त्र दल वाढीस लागले.

येथे लष्करी प्रतीचा जुना वाद अखेरच्या अंकात शिरला. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर भारतीय फौज सिकंदराबादहून निघून गेली, तेव्हा सेनापती एल एद्रूस यांच्याकडे सुमारे २२,००० नियमित सैनिक होते. रझवी मात्र दोन लाख रझाकारांचा दावा करीत होता. संख्येने मोठे, कवायतीत कच्चे आणि भाषणांनी तापलेले हे दल गावे लुटण्यात आणि निःशस्त्रांवर हात टाकण्यात पुढे होते. लढण्यासाठी ते कधीच उभे केलेले नव्हते. दिवाण मीर लायक अली यांच्या सरकारने बाहेरचा आधार शोधला : ब्रिटिश कायदेपंडित वॉल्टर माँक्टन सल्लागार होते, ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन कराचीहून रात्रीच्या विमानांनी शस्त्रे आणीत होता, पाकिस्तानला २० कोटींचे कर्जरोखे दिले गेले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेण्यात आली. राज्यातील बहुसंख्य प्रजेचा विश्वास मिळवण्याचा मार्ग तेवढा चोखाळला गेला नाही.

१३ सप्टेंबरच्या पहाटे सोलापूरहून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजा हद्द ओलांडून आल्या आणि पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरील पूल उडवण्याचा बेत होता. तथापि भारतीय सातव्या ब्रिगेडने तो शाबूत ताब्यात घेतला, आणि निजामाच्या नोकरीतील टी. टी. मूर हा ब्रिटिश अधिकारी स्फोटकांनी भरलेल्या जीपसह पकडला गेला. तुळजापूरला पहिल्या हैदराबाद इन्फन्ट्रीची तुकडी आणि सुमारे २०० रझाकार यांनी दोन तास झुंज दिली. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी एल एद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. त्यानंतर निजामाची स्वतःची फौज मोडण्यात आली. ज्या कंटिन्जंटसाठी हा जिल्हा एकेकाळी गहाण पडला होता, तिच्या पायदळाचा वारसा मात्र १९४५ मध्ये नाव बदललेल्या कुमाऊँ रेजिमेंटच्या रूपाने भारतीय लष्करात चालू आहे.

पोलीस कारवाई या नावाने ओळखल्या गेलेल्या या मोहिमेनंतरच्या आठवड्यांत या जिल्ह्यात जे घडले, त्याची नोंद नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने केली. राज्यभरात २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज तिने दिला, मृतांत बहुतेक मुस्लिम होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बिदर व नांदेड यांच्या बरोबरीने उस्मानाबादचे नाव घेतले. हा अहवाल अनेक दशके बंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांच्या हाती आला. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी मराठीत विपुल लिहिल्या गेल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत; धाराशिव जिल्ह्याचा इतिहास नव्याने लिहिणाऱ्यांनी आता या अहवालातील गावेही शोधून काढावीत.