शिलेदार होण्याआधी

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्या जोडीला, तापीच्या काठी, घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडची उंच जनावरं रांगेनं बांधलेली असतात. हलगी वाजली की एखादी घोडी मागच्या पायांवर नाचते, मोबाइल वर होतात, आणि दुसऱ्या दिवशी कोटीच्या किमतीचा घोडा म्हणून वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. ही किंमत मालकानं सांगितलेली असते. सौदा त्या किमतीला झाला की नाही, याची बातमी सहसा येत नाही.

पहिला घोडा घ्यायला निघालेला माणूस नेमका त्या नाचणाऱ्या घोडीपाशी थांबतो. माझ्या मते त्यानं तिथून पुढं चालू लागावं.

बाजारात पहिली चर्चा लक्षणांची असते. गळ्यावर देवमण आहे का, कुठला भोवरा अशुभ, चारही पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याण, पांढराशुभ्र नुकरा वरातीला चालतो म्हणून महाग. ही भाषा जुनी आहे आणि ऐकायला गोडही आहे. पण भोवऱ्यावरून लंगडेपण कळत नाही. नव्या मालकाचे पैसे बुडतात ते पायात, तोंडात आणि स्वभावात.

तोंडापासून सुरुवात करावी. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या टप्प्यांनी बदलतात. पाचव्या वर्षी तोंड पुरं भरतं. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर, हिरडीलगत, एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षापर्यंत ती दाताच्या मध्यापर्यंत उतरते आणि विसाव्यापर्यंत टोकाला पोचते. हा अंदाजच, पण ‘सहा वर्षांची आहे’ म्हणून सांगितलेल्या घोडीच्या दातावर अर्धी खाच दिसली तर पुढचं बोलणं आपोआप छोटं होतं. त्याच वेळी ओठांचे कोपरे आणि जीभ बघावी. तिथले जुने व्रण म्हणजे काटेरी लगामाची खूण. असा लगाम वापरायला 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, तरी नाचाच्या घोड्यांच्या तोंडातून तो पुरता गेलेला नाही. अशी घोडी लगाम ओढला की मान उधळते, आणि तिच्या पाठीवर नवशिका असतो.

मग पाय. घोडा आपण जाण्याआधीच फिरवून, घाम काढून, खोगीर घालून तयार ठेवलेला असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे, न सांगता जावं. थंड घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवून घ्यावा. पुढचा दुखरा पाय टेकताना तो डोकं वर उचलतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही. वेदनाशामक टोचून लंगडेपण काही तास झाकता येतं, म्हणून एका भेटीत व्यवहार करू नये.

रक्ततपासणीचा विषय काढला की दलाल हसतो, पण ती टाळू नये. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. त्यावर लस नाही आणि तपासणीत जनावर बाधित निघालं तर 2009 च्या प्राणिरोग कायद्याच्या चौकटीत ते नष्ट करावं लागतं. अहवालाला दिवस लागतात, बाजार मात्र ‘आत्ता सांगा’ म्हणतो. मार्ग एकच: विसार द्या, अट कागदावर लिहून घ्या, अहवाल आल्यावर उरलेली रक्कम मोजा. जो या अटीला तयार नाही, त्याचा घोडा त्यालाच राहू द्यावा.

कुठला घ्यावा? आठ ते बारा वर्षांची, कामाला सरावलेली, गर्दीत आणि ट्रॅक्टरच्या आवाजात स्थिर उभी राहणारी घोडी. वछेरा स्वस्त मिळतो खरा, पण त्याला शिकवणारा आधी स्वतः शिकलेला हवा. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड त्याहून फसवा: देखणा, कधी कधी नाममात्र किमतीत मिळणारा, आणि सुटण्याची सवय अंगात मुरलेला. भीमथडीचं काटक तट्टू मराठी माणसाला भावनेनं जवळचं वाटतं. पण स्वाराचं आणि खोगिराचं मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये, हे लहान जनावर घेताना विशेष लक्षात ठेवावं.

घरी आणल्यावरचा खर्च किमतीपेक्षा मोठा असतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सहा-सात किलो कोरडा चारा लागतो, पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बैलांच्या गोठ्यातला अनुभव इथं धोक्याचा ठरतो. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही; बुरशी धरलेला कडबा पोटात गेला की पोटशूळ उठतो आणि रात्रीतून जनावर जातं. कामाशिवाय हरभऱ्याची चंदी चालू ठेवली तर खुरं सुजतात. खुरं सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावीच लागतात, आणि नालबंद आहे कुठं? पशुगणनेनुसार देशातली घोडे-तट्टं 2012 मध्ये सव्वासहा लाख होती, 2019 मध्ये साडेतीन लाखांच्याही आत आली. जनावरांबरोबर त्यांच्यावर जगणारे कारागीरही पांगले. म्हणून आधी नालबंद आणि घोड्याची जाण असलेला पशुवैद्य शोधावा, घोडी नंतर. शिवाय घोडा कळपातला प्राणी, एकटा ठेवला तर खूर आपटत, लाकूड चावत उभा राहतो.

शिवकालीन फौजेत बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःचा घोडा आणून चाकरीला राही. घोडा पडला तर शिलेदाराचं भांडवलच जाई, बारगीर पागेतून दुसरा घेई. आजच्या हौशी माणसानं वर्षभर बारगिरी करावी: जवळच्या रायडिंग क्लबात महिन्याचे पैसे भरून एकाच घोड्यावर बसावं, त्याला स्वतः खरारा करावा, लीद उचलावी, पावसाळ्यात चिखलातला पाय धुवावा. जुलैच्या त्या चिखलात निम्मे उमेदवार गळतात. उरलेल्यांनी मार्गशीर्षात सारंगखेड्याची वाट धरावी. सोबत ओळखीचा पशुवैद्य हवा, विक्रेत्यानं सुचवलेला नको, आणि सौदा झाल्यावर बाजार समितीची पावती घेतल्याशिवाय घोडी गाडीत चढवू नये.