पेरलं एक, उगवलं दहा

जूनमध्ये आपण डब्यात दोन मिरच्या लावतो, कुंपणाशी एक भोपळा टोचतो. ऑगस्ट उजाडेपर्यंत भोपळा शेजाऱ्यांच्या पत्र्यावर चढलेला असतो आणि डब्यात मिरची सोडून बाकी सगळं उगवलेलं असतं. ‘पाऊस उघडला की साफ करू’ म्हणत आपण ते रान वाढू देतो. वस्तीत घरोघर फिरताना आम्ही एवढंच सांगतो: रान राहू द्या, पण त्यात काय आहे ते ओळखून ठेवा. त्यात भाजीही असते आणि दुखणंही.

आधी भाजी. तांदुळजा, जमिनीलगत पसरणारी जाड पानांची घोळ, पहिल्या पावसातला कोवळा टाकळा, शेवग्याचा पाला. आपल्या आज्या हे खुडून भाकरीबरोबर खात. या पाल्यांत लोह असतं. ते अंगी लागावं म्हणून भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. गटाराकाठची, उंदराचं औषध टाकलेल्या जागेची भाजी नको. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी घोळ आणि तांदुळजा बेतानंच खावा.

आता विष. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, याला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोक त्याचं कुंपण करतात. मुलांना मात्र त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. खाल्ल्यावर थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते. मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका. लगेच सरकारी दवाखान्यात न्या, सोबत एक फांदी आणि उरलेल्या बिया घ्या. डॉक्टरांना ओळख पटते. धोतरा आणि गुंजेच्या बियाही विषारीच. लहान मुलांच्या घराजवळ ही झाडं नकोत.

तिसरी गंमत वेलाखाली दडलेली असते: नारळाची करवंटी, फुटका मग, जुना टायर. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा पाणी ओता. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून सुकी पडून राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. पिंपाची कड काथ्यानं घासा. ताप आलाच तर मनानं वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. ताप उतरताना पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

गवतात हात घालण्याआधी काठी आपटा, पायात बूट घाला. साप चावला तर दोरी बांधणं, ब्लेडनं कापणं, मांत्रिक, सगळं टाळा. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला दवाखान्यात न्या. विषावरचं इंजेक्शन तिथंच मिळतं.

रविवारी अर्धा तास काढा. आजीला पुढं घाला, मुलांना मागं. आजीनं प्रत्येक झाडाचं नाव सांगावं आणि मुलांनी ते वहीत लिहावं, एका पानावर ‘खायचं’, दुसऱ्यावर ‘हात लावायचा नाही’. ती वही दाराशी टांगून ठेवा.